दुकान केवढे, हे कोणत्या मापाने मोजायचे?

प्रति,
माननीय मंत्री,
सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली



तालुक्याच्या गावात सकाळी साडेआठच्या सुमारास पिठाच्या गिरणीचे शटर वर जाते. आत आदल्या संध्याकाळी ठेवून गेलेल्या डब्यांची रांग असते. झाकणावर खडूने आडनाव, आणि खाली ‘बारीक’ किंवा ‘जाडसर’. गव्हावर गहू पडतो, ज्वारीवर ज्वारी. एखाद्याची बाजरी मध्येच आली तर तिला थांबावे लागते, कारण आधीचे पीठ गिरणीत राहिलेले असते आणि त्याची भेसळ झाली की पुढच्या घरची भाकरी थापताना तुटते. गिरणीवाल्या बाई किलोमागे दळणावळ घेतात. भिंतीवरच्या वरच्या फळीवर त्यांनी स्वतः भाजून दळलेली थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि नाचणीचे पीठ पाकिटांत भरून ठेवलेले असते. खालच्या फळीवर घाऊक बाजारातून आणलेला गूळ, पोहे, शेवया आणि शेजारच्या बचत गटाचे पापड.

एका शटरमागे तीन धंदे. दळण ही सेवा, भाजणी हे उत्पादन आणि गूळ-पोहे हा किरकोळ व्यापार. बाईंच्या लेखी ती एकच गिरणी आहे. तिचे तीन तुकडे होतात ते फॉर्म भरायची वेळ आली की.

महावितरणच्या दरपत्रकात पिठाची गिरणी, डाळ गिरणी, पोहा गिरणी आणि मसाला गिरणी या औद्योगिक वर्गात येतात; भिंतीला भिंत लावून असलेले किराणा दुकान व्यावसायिक वर्गात. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात, म्हणजे २००८ च्या संकेतांक-यादीत, धान्य दळणे हे १० व्या विभागात म्हणजे उत्पादनात पडते आणि किरकोळ विक्री ४७ व्या विभागात. अन्नसुरक्षा कायद्याच्या दृष्टीने बाई अन्न व्यावसायिक आहेत. त्यांचा इलेक्ट्रॉनिक काटा वैधमापन विभागाकडून दरवर्षी तपासून मुद्रांकित व्हायला हवा, आणि भाजणीच्या पाकिटावर वजन, किंमत, बांधणीचा महिना छापलेला हवा. यात गैर काहीच नाही. प्रत्येक नियमामागे कारण आहे. अडचण येते ती आपल्या मंत्रालयाच्या उद्यम नोंदणीशी. तिथे संकेतांक कितीही जोडता येतात, पण मुख्य व्यवसाय कोणता, याचे उत्तर एकच द्यावे लागते. बाजूच्या ऑनलाइन सेवा केंद्रातला मुलगा बाईंना विचारतो, ‘काकू, काय लिहू?’ काकू म्हणतात, ‘गिरणी लिही.’ मग तो यादीत जे आधी सापडेल त्यावर खूण करतो. त्या एका खुणेवर पुढे बरेच काही ठरते.

हे पत्र त्या खुणेबद्दल आहे. लहान दुकान म्हणजे काय, याची एकच आणि प्रामाणिक व्याख्या आज देशात नाही. ज्या व्याख्या आहेत, त्यांनी सर्वांत लहान दुकानदाराला त्याच्याहून कितीतरी मोठ्या माणसाच्या शेजारी उभे केले आहे. ही दुरुस्ती आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

आधी ‘लहान’ या शब्दाचे काय झाले आहे ते पाहावे. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी लहान अन्न व्यावसायिक ठरवला तो वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेला. वस्तू विकणाऱ्याला जीएसटीची नोंदणी लागते ती १ एप्रिल २०१९ पासून बहुतेक राज्यांत ४० लाखांच्या पुढे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या लघु व्यापारी मानधन योजनेने साठीनंतर दरमहा ३,००० रुपये निवृत्तिवेतन देऊ केले, तेव्हा लघु व्यापारी म्हणजे दीड कोटीपर्यंत उलाढालीचा, असे धरले. आणि आपल्या मंत्रालयाच्या व्याख्येत १ एप्रिल २०२५ पासून ‘सूक्ष्म’ म्हणजे गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत.

दुकानदार वर्षाचा हिशेब मांडत नाही, तो रात्री गल्ला मोजतो. त्याच्या भाषेत हे आकडे मांडले तर असे दिसतात: वर्षाला १२ लाख म्हणजे रोजचा गल्ला सुमारे ३,३०० रुपये. ४० लाख म्हणजे रोजचे ११,००० च्या आसपास. दीड कोटी म्हणजे ४१,०००. आणि १० कोटी म्हणजे रोज पावणेतीन लाख रुपये, रविवार आणि दिवाळीची सुट्टीही न घेता.

रोज ३,३०० रुपयांचा गल्ला असलेली गिरणी आणि रोज पावणेतीन लाखांची विक्री असलेला वितरक, दोघांच्या नोंदणीपत्रावर आज एकच शब्द छापून येतो: सूक्ष्म.

व्याख्या रुंद करण्यामागचा हेतू चांगला होता, हे मान्य केलेच पाहिजे. २००६ च्या कायद्यात सूक्ष्म उत्पादक म्हणजे यंत्रसामग्रीत २५ लाखांपर्यंत गुंतवणूक आणि सूक्ष्म सेवा उद्योग म्हणजे उपकरणांत १० लाखांपर्यंत गुंतवणूक, असे होते. महागाई वाढली, यंत्रे महागली. मोठे झालो तर सवलती जातील, या भीतीने अनेक कारखानदार वाढणेच टाळत होते. म्हणून १ जुलै २०२० पासून सूक्ष्मची मर्यादा १ कोटी गुंतवणूक आणि ५ कोटी उलाढालीवर गेली, उत्पादन आणि सेवा यांतला भेदही गेला. पाच वर्षांनी ती पुन्हा वाढली. कारखान्यांसाठी हे योग्यच झाले.

दुकानांच्या बाबतीत मात्र याचा वेगळा परिणाम झाला. रिझर्व्ह बँकेने देशी व्यापारी बँकांना अग्रक्रम क्षेत्रातील कर्जांत सूक्ष्म उद्योगांसाठी साडेसात टक्क्यांचे उपलक्ष्य घालून दिले आहे. सूक्ष्मची हद्द वाढली, साडेसात टक्के मात्र साडेसातच राहिले. बँकेच्या शाखा व्यवस्थापकाच्या टेबलावर आता दोन अर्ज येतात. एक नऊ कोटी उलाढालीच्या वितरकाचा, त्याच्याकडे लेखापरीक्षित ताळेबंद आहे, गोदाम तारण आहे, चार्टर्ड अकाउंटंट बरोबर आहे. दुसरा काकूंचा, पीठ चाळायचे यंत्र आणि भाजायची कढई घ्यायला दीड लाख हवेत. दोन्ही कर्जे त्याच साडेसात टक्क्यांत धरली जातात. पहिल्या एका कर्जात जेवढे लक्ष्य पुरे होते, तेवढ्यासाठी दुसऱ्या प्रकारची शंभर कर्जे वाटावी लागतील, शंभर फायली आणि शंभर भेटी. व्यवस्थापक वाईट माणूस नसतो. त्याच्यापुढे तिमाहीचे लक्ष्य असते.

यावर उपाय अवघड नाही, आणि तो नवाही नाही. २०१५ च्या आधी रिझर्व्ह बँकेच्या नियमांत सूक्ष्म उद्योगांच्या पोटातही गुंतवणुकीनुसार हिस्से होते. अगदी छोट्यांसाठी वेगळा वाटा राखलेला असे. ते पोटहिस्से आता नाहीत. मुद्रा योजनेत मात्र कर्जाच्या आकारानुसार शिशु, किशोर, तरुण असे भाग २०१५ पासून आहेत: ५० हजारांपर्यंत शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण, आणि २०२४ पासून २० लाखांपर्यंत तरुण प्लस. म्हणजे सरकारला शिशु आणि तरुण यांतला फरक कळतो. तो कर्जाच्या रकमेत कळतो, दुकानाच्या आकारात का कळू नये?

आता दुसरी गोष्ट. किरकोळ आणि घाऊक व्यापार आपल्या मंत्रालयाच्या दारातच बराच काळ ताटकळला. २०१७ मध्ये तो नोंदणीच्या बाहेर ठेवला गेला. २ जुलै २०२१ रोजी त्याला परत आत घेतले, पण एका अटीवर: लाभ फक्त अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरता. २००६ च्या कायद्यातले विलंबित देण्याविरुद्धचे संरक्षण, म्हणजे मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळण्याचा हक्क, व्यापाऱ्याला मिळाले नाही.

वरवर पाहता हे पटते. दुकानदार तर रोख विकतो, त्याचे पैसे कोण थकवणार? पण बाजाराची रीत माहीत असलेला माणूस असे म्हणणार नाही. शाळेच्या कोपऱ्यावरचे स्टेशनरीचे दुकान जूनमध्ये आसपासच्या कार्यालयांना आणि संस्थांना रजिस्टरे, फायली, खडू पुरवते. बिल पुढच्या मार्चपर्यंत फिरत राहते. वसतिगृहाला डाळ-तांदूळ पुरवणारा वाणी, सरकारी कँटीनला भाजी घालणारा आडत्या, ग्रामपंचायतीला बल्ब आणि वायर देणारे इलेक्ट्रिकचे दुकान यांचे पैसे असेच अडकतात. त्यांना घाऊकवाल्याचे पैसे मात्र आठवड्याला किंवा महिन्याला चुकते करावे लागतात, नाहीतर पुढचा माल येत नाही. तीच वही कारखान्यात तयार झाली असती आणि कारखानदाराने थेट पुरवली असती, तर ४५ दिवसांचा नियम लागू होता. ती दुकानातून गेली म्हणून लागू नाही. वही तीच आणि पैसे बुडाल्यावरचा घोरही तोच.

मंत्रिमहोदय, व्याख्या करताना आपल्याकडे एकच गज वापरला गेला आहे: पैसा. किती गुंतवले आणि किती विकले. कारखान्याला हा गज बसतो. दुकानाला तो फसवतो. किराणा दुकानात साखर, तेल आणि डाळीची उलाढाल मोठी दिसते, हाती उरते थोडे. गावातल्या सोनाराने महिन्याला दोन-चार दागिने विकले तरी सोन्याच्या आजच्या भावाने त्याची उलाढाल किराणावाल्याच्या पुढे जाते, आणि दुकानात माणूस तो एकटाच असतो. उलट शिंपी, घड्याळ दुरुस्त करणारा, सायकलचे पंक्चर काढणारा यांची उलाढाल म्हणजे जवळपास त्यांची मजुरीच. तिन्ही दुकाने एकाच आकड्याने मोजली तर तिघांचेही चित्र चुकते.

मोजण्याच्या वेगळ्या रीती सरकारातच आहेत, हे आशेचे आहे. राज्य वीज नियामक आयोगाने घरगुती दराची व्याख्या करताना एक शहाणपण दाखवले: घराच्याच एका भागात शिवण, शिकवणी, पापड असा लहानसा व्यवसाय चालत असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या वर्षाचा ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर त्याला घरगुतीच दर लागतो. कोणीतरी प्रत्यक्ष घरात डोकावून, शिवणयंत्र माजघरात आहे हे पाहून ही ओळ लिहिली आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान मोजले ते कामगारांवरून: दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नको, नुसती सूचना पुरे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही रेषा २० वर नेण्याचा निर्णय घेतला. आणि २०२२ मध्ये मराठी पाट्यांची सक्ती करायची होती, तेव्हा दहापेक्षा कमी कामगारांची दुकानेही कायद्यात ओढून घेतली गेली. पाटीसाठी ज्यांची आठवण झाली, त्या दुकानांची आठवण आपल्यालाही व्हावी, एवढेच मागणे आहे.

मोजणी करणाऱ्यांनाही खरा फरक कधीपासून माहीत आहे. २०१३ च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशात ५ कोटी ८५ लाख आस्थापना आढळल्या. त्यांतल्या सुमारे ७२ टक्के अशा होत्या की जिथे पगारी माणूस एकही नव्हता. घरची माणसेच सगळे सांभाळत होती. २०१५-१६ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने आपल्या क्षेत्रातील ६ कोटी ३४ लाख उद्योग मोजले, त्यांत २ कोटी ३० लाख व्यापाराचे होते, म्हणजे तीन भागांत सर्वांत मोठा भाग व्यापाराचाच. सांख्यिकी विभागाच्या २०२३-२४ च्या सर्वेक्षणात शेतीबाहेरच्या, कंपनी म्हणून नोंद नसलेल्या आस्थापनांचा आकडा ७ कोटी ३४ लाखांवर गेला आणि त्यांत १२ कोटींहून अधिक माणसे काम करत होती. असंघटित क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या अर्जुन सेनगुप्ता आयोगानेही दहापेक्षा कमी माणसे असलेला घरगुती मालकीचा व्यवसाय, अशीच रेषा आखली होती. पगारी माणूस आहे की नाही, हा प्रश्न दर पाहणीत विचारला जातो. उत्तर पुस्तिकेत छापले जाते. व्याख्येत मात्र ते येत नाही.

बाजाराची स्वतःची वर्गवारी तर त्याहून जुनी आहे. मराठेशाहीत दुकानदार आणि कारागिरांवर मोहतर्फा नावाचा कर बसे, म्हणजे धंद्याची नोंद ठेवण्याची रीत आपल्या मातीला नवी नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, त्यात बलुतेदार, अलुतेदार आणि फिरस्ते यांचा संसार कसा चाले ते बारकाईने मांडले. बलुतेदारांतही थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी होत्या. ती रचना जातीवर उभी होती, तिने माणसांना पिढ्यान्‌पिढ्या डांबून ठेवले, ती मोडली हे उत्तमच. पण कोण बसून काम करतो, कोण फिरतो, कोण रोखीत घेतो, कोण सुगीला घेतो, हे प्रश्न त्या काळच्या गावालाही पडत होते, आणि ते आजही खरे आहेत.

आज बोलीत दुकान, टपरी, ठेला, पथारी, हातगाडी, फेरी आणि आठवडी बाजारातला पाल असे वेगवेगळे शब्द आहेत. प्रत्येक शब्दात जागा, भांडवल आणि धोका वेगळा आहे. दुकानाला शटर आणि भाडेचिठ्ठी असते. टपरी जमिनीला टेकलेली असते, पण जमीन तिची नसते. पथारी संध्याकाळी गुंडाळली जाते. हातगाडी रात्री कुणाच्या तरी अंगणात भाड्याने उभी राहते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने यांतले स्थिर आणि फिरते असे दोन प्रकार मानले, दर पाच वर्षांनी सर्वेक्षण बंधनकारक केले. पण तो कायदा महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायतीपुरता. सोमवारी एका गावी, मंगळवारी दुसऱ्या गावी पाल ठोकणारा, टेम्पोत बांगड्या, बी-बियाणे किंवा मसाल्याचे डबे घेऊन फिरणारा खेड्यातला विक्रेता त्यात बसत नाही. सहा गावांत त्याची गिऱ्हाईके ठरलेली आहेत, उधारीची वही सहा गावांची आहे, पण पत्ता म्हणून लिहायला दुकान एकही नाही.

आपल्याकडे चार गोष्टी मागायच्या आहेत.

पहिली, सूक्ष्म या वर्गाच्या आत एक स्पष्ट पोटवर्ग करावा: ज्या व्यवसायात नियमित पगारी माणूस नाही किंवा एखाद-दुसराच आहे, आणि ज्याची उलाढाल जीएसटी नोंदणीच्या मर्यादेच्या आत आहे. नाव काहीही द्यावे; ‘अतिसूक्ष्म’ चालेल. रिझर्व्ह बँकेशी बोलून साडेसात टक्क्यांतला ठरावीक वाटा या पोटवर्गासाठी राखावा.

दुसरी, नोंदणीत ‘मुख्य व्यवसाय’ या एका खुणेऐवजी मिश्र व्यवसायाला जागा द्यावी. गिरणी, बेकरी, मिठाईवाला, शिवणकाम करून तयार कपडे विकणारी बाई, दुरुस्ती करून सुटे भाग विकणारा मोबाइलवाला, हे सगळे करणारेही आहेत आणि विकणारेही. उत्पादन, सेवा, विक्री यांचा अंदाजे वाटा विचारला तरी पुरे.

तिसरी, सूक्ष्म आणि लघु दुकानदार जेव्हा संस्थेला किंवा सरकारला माल पुरवतो, तेव्हा ४५ दिवसांचे संरक्षण त्यालाही मिळावे. घाऊक साखळीतल्या प्रत्येक व्यवहाराला ते लावणे कठीण असेल, तर सुरुवात सरकारी आणि अनुदानित खरेदीदारांपासून करावी.

चौथी, २०१९ मध्ये सुरू झालेल्या सातव्या आर्थिक गणनेचे निकाल प्रसिद्ध झालेले नाहीत. पुढची गणना होईल तेव्हा तिच्यातले वर्ग आणि आपल्या नोंदणीतले वर्ग एकमेकांशी जुळतील असे आत्ताच ठरवावे. आठवडी बाजारातल्या पालाला त्यात स्वतंत्र रकाना असावा.

यावर दोन आक्षेप येतील. एक, वर्ग वाढले की कागद वाढतात. पण इथे नवा फॉर्म कोणीच मागत नाही. उलाढाल आयकर आणि जीएसटीच्या नोंदींतून आजही येते, काम करणाऱ्यांची संख्या नोंदणीत आजही विचारली जाते. घरचे किती आणि पगारी किती, एवढाच एक फरक नोंदवायचा आहे. दुसरा आक्षेप, छोट्याला सवलत दिली की तो छोटाच राहू पाहतो. त्याचे उत्तर आपल्याच मंत्रालयाने २०२२ मध्ये दिले आहे: उद्योग वरच्या वर्गात गेला तरी आधीचे करेतर लाभ तीन वर्षे चालू राहतील. तीच शिडी अतिसूक्ष्म ते सूक्ष्म या पायरीला लावावी.

गिरणीच्या काकूंना आता कढई आणि चाळणीचे यंत्र घ्यायचे आहे, कारण दिवाळीच्या आधी चकलीच्या भाजणीची मागणी त्यांना पुरी करता येत नाही. त्या पुन्हा त्याच ऑनलाइन सेवा केंद्रात जातील, उद्यम प्रमाणपत्राची प्रत काढतील आणि बँकेत जातील. त्या प्रतीवर त्यांच्या गिरणीचे वर्णन त्यांना ओळखू येईल असे असावे, आणि शाखा व्यवस्थापकाला ते पाहून त्यांचा अर्ज वेगळ्या फायलीत ठेवता यावा, ही विनंती.

कळावे,

आपला विश्वासू,
अशाच एका गल्लीतला ग्राहक